राणीची घंटा

दरबारची चाकरी ही नोकरी नव्हे, तो मान आहे, अशी आपल्याकडील जुन्या घराण्यांत एक पक्की समजूत आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांत कोणाचा पूर्वज खासगीकडे होता, कोणाचा जामदारखान्यात होता, हे आजही लग्नाच्या बैठकीत आवर्जून सांगितले जाते. वेतन काय होते आणि दिवस कसा जात होता, हे मात्र कोणी सांगत नाही. मानाचा हिशेब मागावयाचा नसतो! आम्ही स्वतः राज्य शासनाच्या सेवेत ३६ वर्षे काढली. हिशेब मागण्याची आणि देण्याची सवय अंगी मुरलेली. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतरच्या सवडीत एका इंग्रज बाईची रोजनिशी हाती आली तेव्हा ती आम्ही, कादंबरीसारखी नव्हे, एखाद्या सेवापुस्तिकेसारखी वाचली.

ही बाई म्हणजे फॅनी बर्नी. जन्म १७५२ चा. वडील डॉ. चार्ल्स बर्नी संगीतज्ञ, संगीताचा इतिहास लिहिणारे. फॅनीची ‘एव्हलिना’ ही कादंबरी १७७८ साली निनावी प्रसिद्ध झाली आणि लंडनभर गाजली. लेखिका कोण हे कळल्यावर डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानाने तिचे कौतुक केले. १७८२ साली ‘सिसिलिया’ आली. इतके नाव झालेल्या या लेखिकेला १७८६ च्या जुलै महिन्यात तिसऱ्या जॉर्जच्या राणीकडे, शार्लटकडे, नेमणूक मिळाली. हुद्दा राणीच्या पोशाखखान्याच्या दुय्यम अधिकारी स्त्रीचा, म्हणजे आपल्या भाषेत जामदारखान्याची धाकटी कारभारीण. वेतन वर्षाला २०० पौंड, राहण्यास जागा, दिमतीला नोकर. राणीच्या खऱ्या मानकरणी बड्या सरदारघराण्यांतल्या असत आणि त्यांच्या सेवेच्या पाळ्या ठरलेल्या असत. फॅनीचे काम मात्र रोजचे आणि अष्टौप्रहरांचे होते. तिने मनातून नको म्हटले होते. परंतु वडिलांना हर्षवायू होण्याचेच बाकी राहिले होते. नको म्हणणार कोणाला?

तिचा दिनक्रम तिनेच लिहून ठेवला आहे. सकाळी सहाला उठावयाचे आणि तयार होऊन बोलावण्याची वाट पाहावयाची. साडेसातच्या सुमारास राणीकडे जावयाचे. दुसरी दासी एकेक वस्त्र हाती देई, ते फॅनीने राणीच्या अंगावर चढवावयाचे. दुपारी पाऊणपासून दिवसाच्या पोशाखाची आणि केशरचनेची तयारी, ती तीनपर्यंत चाले. पाचला जेवण, संध्याकाळी दरबारच्या अधिकाऱ्यांना चहा आणि मग रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान शेवटची घंटा. राणीला शय्येवर पाठविले की सुटका, ती दुसऱ्या दिवशीच्या सहापर्यंत.

या सर्वांत तिला बोचली ती घंटा. आपल्याला कोणी घंटा वाजवून बोलवावे हे तिला इतके लागले, की खोलीत एकटी असतानाही आपला चेहरा लाजेने लाल होई, असे ती लिहिते. कामाबद्दल ती इतके कडवट कोठेच लिहीत नाही. याचे मर्म आम्हाला उमगले, कारण कचेरीतील घंटीच्या दोन्ही टोकांना आम्ही वर्षे काढली आहेत. घंटी वाजविणाऱ्याला ती ऐकू येते तेव्हा तो केवळ एक आवाज असतो. जो उठून जातो त्याच्या मनात मात्र ती आधीपासूनच वाजत असते.

दरबारी शिस्तीवर फॅनीने नोकरीत येण्यापूर्वीच एका पत्रात थट्टा केली होती. राजाराणीसमोर खोकावयाचे नाही, शिंकावयाचे नाही, हलावयाचे नाही. डोक्यातली टाचणी टोचून रक्त आले तरी ती काढावयाची नाही. गंमत म्हणून लिहिलेले हे पत्र पुढे तिचे भाकीत ठरले. समोर बसता येत नसे. जाताना पाठ दाखविता येत नसे.

वाचकांस वाटेल की राणी निष्ठुर असावी. तसे मुळीच नव्हते. केसांना पावडर लावण्याची वेळ आली की फॅनीचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून राणी तिला न विसरता बाहेर जावयास सांगे. ती विचारपूस करी, पुस्तकांविषयी बोले. खरा जाच झाला तो वरिष्ठ कारभारीण श्वेलेनबर्गबाईंचा. त्या राणीबरोबर जर्मनीहून आलेल्या, वयस्क, तोंडाळ आणि बेडूक पाळण्याच्या शौकीन. संध्याकाळी त्यांच्यासमोर पत्ते खेळत बसणे हे फॅनीचे न लिहिलेले कर्तव्य. एकदा थंडीच्या दिवसांत प्रवासात त्यांनी घोडागाडीची काच उघडीच ठेवावयास लावली. वाऱ्याने फॅनीचे डोळे सुजले. आमच्याही सेवाकाळात एक वरिष्ठ असे होते की थंडीत खिडकी उघडी असावी हा त्यांचा हुकूम असे. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक कचेरीत एक असतोच.

आपल्या भागाशी या रोजनिशीचा एक धागा जुळतो. १७८८ च्या फेब्रुवारीत वॉरन हेस्टिंग्जवरील खटला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झाला, तेव्हा राणीने दिलेल्या प्रवेशपत्रावर फॅनी तो पाहावयास गेली. ज्याच्या अमदानीत १७८० साली ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, ज्याच्या वतीने १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. फॅनीची सहानुभूती त्याच्याकडे होती आणि आरोप करणारा एडमंड बर्क हा तिच्या लेखनाचा चाहता. काशीचा चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांची कैफियत तेथे मांडली जात होती. आपल्याला मात्र तिच्या लेखणीतून दिसतो तो आरोपीचा फिकट चेहरा.

त्याच वर्षाच्या अखेरीस राजा भ्रमिष्ट झाला आणि दरबार क्यू येथे हलला. १७८९ च्या फेब्रुवारीत फॅनी बागेत फिरत असता राजा दिसला. त्याच्या नजरेस न पडण्याचा हुकूम, म्हणून ती पळाली. राजा हाका मारीत मागे धावला. पळण्याने राजांना त्रास होईल, थांबा, असे सेवक ओरडले तेव्हा ती थांबली. राजाने तिच्या खांद्यांवर हात ठेवून गालाचे चुंबन घेतले आणि बराच वेळ बोलत राहिला. श्वेलेनबर्गबाईंची पर्वा करू नकोस, मी तुझा मित्र आहे, असा दिलासाही दिला! तिचा जाच सर्वांना ठाऊक होता. बोलला तो एकटा बुद्धिभ्रंश झालेला राजा. रोजनिशीतला हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसलो.

पुढे ताप, खोकला, अशक्तपणा यांनी तिला घेरले. पाच वर्षांत एकही कादंबरी झाली नाही. शेवटी वडिलांच्या संमतीने तिने राजीनाम्याचा अर्ज १७९० च्या डिसेंबरात दिला. श्वेलेनबर्गबाईंचा संताप इतका, की इंग्लंडात बास्तीय असती तर त्यांनी आम्हा बापलेकींना तीत डांबले असते, असे फॅनी लिहिते. जागी दुसरी बाई जर्मनीहून येईपर्यंत सुटका नाही. अखेर १७९१ च्या जुलैत ती कार्यमुक्त झाली. अर्ज दिल्यापासून सात महिने! शासकीय सेवेतील मंडळींना या आकड्याचे नवल वाटणार नाही. राणीने वर्षाला १०० पौंड, म्हणजे बरोबर अर्धे वेतन, निवृत्तिवेतन दिले. त्याच आधारावर तिने १७९३ साली एका निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी संसार थाटला, आणि १७९६ ची ‘कॅमिला’ ही कादंबरी राणीलाच अर्पण केली. ८७ वर्षांचे आयुष्य जगून ती १८४० साली वारली.

तिच्या मृत्यूनंतर रोजनिशी छापली गेली आणि १८४३ साली मेकॉलेने, आपल्याकडील शिक्षणाचा खलिता लिहिणाऱ्या त्याच मेकॉलेने, तिच्या वडिलांवर आणि राणीवर कडक टीका केली. मोत्याची किंमत कोंबड्याला काय, असा एकूण सूर. आम्हाला हा न्याय अर्धाच वाटतो. राणी दयाळू होती, बाप प्रेमळ होता, वेतन वेळेवर मिळत होते. तरीही एक माणूस झिजत गेले. दुष्ट कोणी नसताना हे घडते, यातच मानाच्या चाकरीचा खरा धोका आहे. छळाविरुद्ध तक्रार करता येते. मानाविरुद्ध कोणाकडे करावयाची?

आमच्या पणजीची धाकटी बहीण तरुणपणी विधवा झाल्यावर राजवाड्यात राणीसाहेबांच्या पोशाखाकडे होती. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना ती फार म्हातारी झाली होती. आम्हाला आठवते ते इतकेच, की कोणी हाक मारली, अगदी लहान मुलाने मारली तरी, ती हातातला घास ताटात ठेवून उठून उभी राही. आई म्हणे, “बसा हो मावशी, कोणी बोलावलेलं नाही.” ती बसे, आणि पुन्हा हाक आली की पुन्हा उठे. मोठी माणसे पाहुण्यांना अभिमानाने सांगत, ‘या राजवाड्यात होत्या.’ पाहुणे हात जोडीत. तेथे दिवस कसा जात होता, हे तिला कोणी विचारल्याचे आमच्या कानी आले नाही, आणि तिला लिहितावाचता येत नव्हते.

फॅनी बर्नीचे दुःख जगाला कळले, कारण ती लिहीत असे. दरबारने तिच्या कादंबऱ्या नेल्या. त्या वर्षांची रोजनिशी मात्र दरबारमुळेच झाली. आमच्या घरच्या मावशीचा मान तेवढा उरला आहे. तो आम्ही सांगतो, पुढची पिढीही सांगेल. परंतु तो सांगताना, ती घास टाकून उठत असे, हेही आता आम्ही सांगू लागलो आहोत. मानाच्या शेजारी तेवढी एक नोंद असावी.