हसू येण्याआधीची जागा

मला नाटक-सिनेमा बघता येतो असं कुणी म्हटलं, तर त्याचं श्रेय माझ्या सांगलीच्या माईआत्याचं आहे. ती शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या तालमींना प्रॉम्प्टर म्हणून बसायची. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला विंगेत संहिता घेऊन ती असली की नटांना धीर यायचा, असं तिच्याबरोबर काम केलेल्यांकडून मी ऐकलं आहे. प्रॉम्प्टरला एक गोष्ट पक्की कळावी लागते. समोरचा नट थांबला आहे तो वाक्य विसरला म्हणून, की ती त्याने घेतलेली जागा आहे? शब्द आधी दिला तर हशा मरतो, उशिरा दिला तर प्रयोग पडतो. कित्येक वर्षं या कामात घालवल्यामुळे आत्याचा कान फार तयार झाला होता, आणि त्यातला थोडासा तिने आम्हा भावंडांना दिला.

तिची शिकवण्याची पद्धत साधी होती. सुट्टीत आम्ही तिच्याकडे असायचो. काही विनोदी बघून परत आलो की ती विचारायची, ‘‘हसू कुठे आलं?’’ आम्ही चढाओढीने सांगायचो. मग दुसरा प्रश्न यायचा, ‘‘आणि त्याच्या आधी काय झालं?’’ इथे आमची बोलती बंद व्हायची, कारण हशाच्या आधीचं कुणाच्या लक्षातच नसायचं. हळूहळू ते लक्षात राहू लागलं. कुणी मान वळवली, कुणी एक श्वास जास्त घेतला, कुणी एवढ्या गंभीरपणे खोटं बोललं की आपण बघणारेच घाबरलो. हसवणाऱ्याची सगळी मेहनत त्या आधीच्या जागेत असते, हे मला दहा-बारा वर्षांच्या वयात समजलं ते तिच्यामुळे.

सांगलीत संगीत नाटकाबद्दल बोलताना माणसं सावरून बसतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात, आणि ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. आत्यालाही या वारशाचा अभिमान होता. पण देव्हाऱ्यात ठेवलेलं नाटक तिला आवडायचं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ केलं आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’. त्यातलं ‘सौभद्र’ तिचं सगळ्यांत लाडकं. ती आम्हाला त्याची गोष्ट सांगायची ती अशी : बलरामदादाने बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे, बहिणीचं मन अर्जुनावर आहे. मग धाकटा भाऊ कृष्ण डोकं चालवतो. अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, आणि बलराम स्वतःच त्या यतीला मानाने घरात आणून सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. ‘‘आता सांगा,’’ ती म्हणायची, ‘‘हा खुळा विनोद नाही तर काय आहे? आणि तो कुणासाठी आहे? लग्नाच्या वयाच्या पोरापोरींसाठीच ना?’’

या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातल्या तीन वेगळ्या खोल्यांच्या भिंती पडल्या. संगीत नाटक म्हणजे अभिजात, खुळा विनोद म्हणजे टाइमपास, आणि तरुणांसाठी केलेलं म्हणजे उथळ, ही वाटणी मी पुढे पुष्कळ ठिकाणी ऐकली. पण ती खरी मानणं मला कधी जमलं नाही. ‘मानापमान’मध्ये भामिनी वनमाला होऊन धैर्यधरासमोर येते. ‘संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीवरून दोन घरांत आग लागते. देवलांना त्या नाटकाचं मूळ आर्थर मर्फीच्या इंग्रजी प्रहसनात सापडलं होतं. वेषांतर, गैरसमज, फसणारे वडीलधारे आणि घाईला आलेले तरुण जीव, एवढ्या सामानावर आपल्या रंगभूमीचे सोन्याचे दिवस उभे राहिले आहेत.

गाण्याबद्दल तिचं मत ठाम होतं. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी अशा घराघरात आणि कीर्तनात रुळलेल्या चालींवर पदं रचली, म्हणून ‘सौभद्र’मधली माणसं गाण्यातून भांडू शकतात, चिडवू शकतात, रुसवा काढू शकतात. पुढे वन्समोअरवर वन्समोअर घेत पद लांबत गेलं आणि समोर उभं असलेलं पात्र ताटकळू लागलं. ‘‘गाताना नटाच्या डोळ्यांत समोरचं माणूस दिसलं पाहिजे,’’ असं ती म्हणायची. म्हणूनच तिला संगीतकार जितेंद्र अभिषेकी फार मोठे वाटत. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’त आणि 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’त त्यांनी पदाला आटोपशीर केलं, नाटकाच्या ओघात परत आणलं, आणि तरीही रागाची इभ्रत राखली. आजही कुठलंही गाणं-नाटक बघताना मी आधी न गाणाऱ्या नटाकडे बघते. तो ऐकत असेल तर नाटक जिवंत आहे.

‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली आला. सांगलीच्या थिएटरात तो आत्याबरोबर पाहिला तेव्हा सगळं सभागृह हसत होतं आणि ती पुढे वाकून, एकेक वाक्य तपासत बसली होती. घरमालक सरपोतदारांची जागा सोडावी लागते, पुढचं घर फक्त जोडप्यांना मिळणार असतं, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘बघ, यातलं एकही माणूस आपण विनोदी सिनेमात आहोत असं वागत नाही.’’ सुधीर जोशींचा घरमालक खरोखर चिडलेला असतो. अशोक सराफांचा धनंजय माने छप्पर जाईल या खऱ्या भीतीने थापा मारत असतो. लेखक कोण हे तिने आम्हाला पाठ करायला लावलं : वसंत सबनीस, ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं. मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, हे तिला ठाऊक होतं. पण तिला पुण्यामुंबईतल्या भाड्याच्या खोलीची धास्ती त्या संवादांत ऐकू येत होती, आणि ती सबनीसांची होती.

साडी नेसलेल्या पुरुषाबद्दलही तिने मला एक नजर दिली. बालगंधर्वांना बघताना प्रेक्षक पुरुष विसरून जात, ती त्यांची सिद्धी. ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांना किंवा ‘बनवाबनवी’त लक्ष्मीकांत बेर्ड्यांना बघताना बाई आणि पुरुष दोन्ही एकाच वेळी दिसत राहावे लागतात. पदर जरा जास्त सावरला तर बीभत्स होतं, कमी सावरला तर गंमत जाते. दोन्ही कामांना सारखीच साधना लागते, असं ती मानायची, आणि मीही मानते. जे हसू कुणाच्या व्यंगावर आलं, ते मात्र ती हसूच धरायची नाही.

माझे वडील गेले, ते तिचे धाकटे भाऊ. तेरावं झाल्यावर घरात सगळे भिंतींना टेकून बसले होते. आत्याने टीव्ही लावला. ‘बनवाबनवी’ लागला होता. एक-दोघांच्या कपाळावर आठ्या आल्या. ती आईला म्हणाली, ‘‘वहिनी, या इथे. त्याला हा किती आवडायचा.’’ आई येऊन बसली. बराच वेळ नुसती बघत होती आणि मग हसली, आणि हसता हसताच त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. खुळ्या विनोदाला ‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालते. शोकाने आवळलेल्या घरात ज्याला शिरता येतं, ते नुसतं नसतं.

2015 मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली तेव्हा आत्या बरीच थकली होती, पण एक भाग चुकवायची नाही. रात्री फोन यायचा. ‘माजघर’ नावाच्या मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणारी सहा मुलं, कुणाचं कुणाशी नातं नाही. नवऱ्याच्या भरवशावर शहरात आलेली रेश्मा तिथे सांभाळली जाते. ‘‘या मालिकेत कुणी कुणाविरुद्ध कट करत नाही गं,’’ ती समाधानाने म्हणायची. ‘‘आणि पोरं एकमेकांचं ऐकून बोलतात.’’ त्यात काम करणारी स्वानंदी टिकेकर ही आरती अंकलीकरांची मुलगी, सखी गोखले मोहन आणि शुभांगी गोखल्यांची, ही माहिती तीच मला पुरवायची. पुढच्या वर्षी याच संचातल्या काही जणांचं ‘अमर फोटो स्टुडिओ’ रंगभूमीवर आलं. त्याचा दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी, ज्याने राहुल देशपांड्यांबरोबर ‘संगीत मानापमान’ही नव्याने उभं केलं होतं. आत्याने आयुष्यभर जे सांगितलं ते या एका तरुणाच्या कामात एकत्र दिसत होतं.

माईआत्या आता नाही. माझी भाची जे बघते ते मी तिच्याबरोबर बघते, मोबाइलवरचंसुद्धा, आणि आत्याचे दोन प्रश्न तिला विचारते. ती उत्तरं देते, भांडतेही. तिला ‘सौभद्र’ दाखवलं तेव्हा बलराम यतीच्या पाया पडला आणि ती खळखळून हसली. मात्र एवढ्याने ऋण फिटत नाही. विनोद लिहिणारे, हसवण्यासाठी थांबायचं कुठे हे जाणणारे, विंगेत उभं राहून ती जागा जपणारे, यांची नावं आपण अजून दुसऱ्या रांगेत बसवतो. मराठी नाटककारांची यादी सांगताना वसंत सबनीसांचं नाव पहिल्या दमात यावं, हा माझा आग्रह आहे. तो मी आत्याकडून घेतला आहे, आणि जिथे चार माणसं नाटकावर बोलतील तिथे तो मांडत राहणार आहे.