थ्री नॉट थ्रीची नळी

अब्बा पोलीस दलात होते. नोकरीभर त्यांच्या हाती एकच हत्यार आलं, थ्री नॉट थ्री. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. पुढे लष्कराने नवी घेतली, पोलिसांकडे मात्र जुनीच राहिली. २००८ साली सीएसटीवर अतिरेक्यांसमोर काही पोलिसांच्या हातात तीच होती.

चांदमारीवरून परतल्यावर पोलीस लाइनीच्या अंगणात सफाई चाले. उकळत्या पाण्याची किटली नेणं माझं काम. तेल असताना पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"बेटा, आपण दिवेआगरची माणसं. खार कधी तेलाने जातो का?"

जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत बसतो. आपल्या मिठाचाच भाऊ तो, हवेतली ओल ओढून घेणारा. वरून तेल फासलं तर नळी चकचकीत दिसते आणि आत गंज चालूच राहतो. समुद्राकाठच्या घरातले खिडकीचे गज ज्याने पाहिलेत त्याला हे समजवावं लागत नाही.

बोल्ट काढून मागून पाणी ओतायचं. नळी चटका बसेल एवढी तापली की आपोआप वाळते. मग पुलथ्रू. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्याला चिंधी. वजन मागून सोडायचं आणि पुढून एका दमात ओढायचं, पण अगदी सरळ. दोरी तोंडाच्या कडेला घासत राहिली तर पोलादही झिजतं आणि गोळी भरकटते. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे चाले. शेवटी तेलाचा हलका हात. मग अब्बा वजूला उठत.

१९९३ साली शेखाडी आणि दिघीला चोरून माल उतरला आणि १२ मार्चला मुंबई हादरली. रमजानचे दिवस होते. दोन्ही गावं आमच्या शेजारची, त्यामुळे आमच्या आडनावाकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या. अब्बांची ड्युटी किनाऱ्यावरच्या नाकाबंदीवर लागली. रोज खिशात दोन खजूर घेऊन ते निघत. ओळखीच्या एकाने हसत विचारलं, "तुमची रायफल कुणाकडे रोखायची ठरलंय?" अब्बा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर अम्माला त्यांनी हे सांगितलं आणि त्या रात्री जेवले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी रायफल जमा करताना हवालदाराने नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. एवढ्या वर्षांत चांदमारीखेरीज अब्बांनी तिच्यातून एकही गोळी झाडली नव्हती.