माळ आणि मुलूख



आमचे चिखला हे गाव भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मँगनीजच्या खाणीचे. खाण इंग्रजांच्या अमलातली. १९६२ साली 'मॉईल' कंपनी झाली. बालाघाटकडची, छत्तीसगढची माणसे इथे कामाला आली आणि इथलीच होऊन गेली. पोटासाठी मुलूख सोडणे आम्हांला नवे नाही. पूर्वी लोक इकडे येत, आता आमची मुले बाहेर जातात, एवढाच फरक.

माझा नातू वेल्डिंगचे काम शिकला आणि तीन वर्षांमागे दुबईला गेला. बारा वर्षांचा असल्यापासून तो माझ्या कीर्तनात मृदंगावर असे. तो निघायचा त्याच आठवड्यात गावात सप्ताह होता. चिंतन करता करता मी पैशापायी पांडुरंगाला पाठमोऱ्या होणाऱ्यांचा दृष्टांत लावला. नाव घेतले नाही, पण सगळ्या माना मृदंगाकडे वळल्या. पोराचा ठेका चुकला नाही. कीर्तन संपल्यावर तो पाया पडला आणि काही न बोलता गेला. नारदाच्या गादीवरून मी त्या दिवशी देवाचे बोललो नाही, माझ्या रागाचे बोललो. म्हातारपणी आधार जातो आहे, ही माझी भीती होती. तिला मी परमार्थाचे वस्त्र नेसवले.

महिन्याने त्याचा फोन आला. "आजोबा, यंत्राजवळ गळ्यात काही घालायचे नाही, असा इथला नियम आहे. माळ काढू का?"

मी गप्प राहिलो. माळ गळ्यातच हवी, हे मी जन्मभर सांगितलेले. पण पोर विचारत होते, याचा अर्थ माळ अजून गळ्यात होती. मग सावतोबांचा मळा आठवला, गोरोबांची माती आठवली. काम सोडून देव शोधायला आपल्या संतांनी कधी सांगितले? मी म्हणालो, "कामाच्या वेळी शर्टाच्या खिशात, छातीशी ठेव. अंघोळ करून पुन्हा घाल." हा निर्णय कोणाला शास्त्रात बसत नाही असे वाटेल. दोष द्यायचा तर मला द्यावा, त्याला नको.

वाचकहो, नामदेवराय पंढरीहून निघाले ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. महाराज नोकरीसाठी गेले नव्हते, हे खरे. मग नोकरीसाठी गेलेल्यांचे पाहा. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले. पुढे त्यांत आपली कोकणातली मराठी माणसेही होती. पुष्कळांना परतीचे जहाज मिळाले नाही. आज त्यांच्या कितीतरी घरांत क्रिओल बोलतात, पण गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकवतात. भाषा पुष्कळ गळाली, देव राहिला. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो: पगार वाढला की राहणी बदलते. ती बदलू द्या. कपडा बदलेल, जेवणाची वेळ बदलेल. नेम मात्र एक तरी धरा, आणि तो इतका लहान धरा की थकल्या दिवशीही मोडणार नाही. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगतो: आपल्या एकटेपणाला धर्माचे नाव देऊ नका. पोराला सरळ सांगा, "तू नसलास की घर खायला उठते." हे सांगायला मला दोन वर्षे लागली.

घर सोडल्यावाचून वारी घडत नाही, हे आपण विसरतो. आणि परत आल्यावाचून ती पुरी होत नाही, हे जाणाऱ्याने विसरू नये.

दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे. तिकडे सहाला त्याची सुट्टी होते, तेव्हा आमच्या मंदिरात साडेसातचा हरिपाठ सुरू होतो. आता मी फोन विणेकऱ्याजवळ ठेवतो. त्याचा आवाज कधी मागे पडतो, कधी तुटतो; टाळकरी थोडे सांभाळून घेतात. मृदंगाची जागा अजून रिकामी आहे. तिथे मी दुसऱ्या कोणाला बसवलेले नाही.

रामकृष्णहरी.