पद्मिनीच्या दारांचे पॅड

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उघडणारा जुना मेकॅनिक नागपुरात शोधला तर सापडतो. दारांच्या आतले पॅड मात्र तयार मिळणं कठीण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी फियाटच्या परवान्यावर बनायची आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने विकली गेली. उत्पादन थांबून वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींमुळे सुट्या भागांचा बाजार तग धरून होता, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आता पॅड हवे असतील तर ते करून घ्यावे लागतात किंवा स्वतः करावे लागतात.

माझ्याकडची गाडी वडिलांची, १९८६ सालची. तिचे चारही पॅड खालच्या कडेला फुगले होते आणि रेक्झिन सुटून लोंबत होतं. मी ते घरी करायला घेतले. काम अवघड नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण मी आधी रंगाचा, शिलाईचा आणि रेक्झिनच्या पोताचा विचार केला. दाराच्या पोकळीत काय चालतं याचा विचार नुकसान झाल्यावर केला. माझ्या बहुतेक चुका या एकाच उलट्या क्रमातून झाल्या.

पहिली चूक पॅड काढतानाच झाली. काच वर-खाली करायचं हँडल कशाने अडकवलं आहे हे न बघता मी ते ओढलं. मग पॅडच्या कडेत पेचकस घालून क्लिपा उचकल्या. हार्डबोर्ड जुना होऊन ठिसूळ झाला होता, त्यामुळे क्लिपांची भोकं फाटली. पॅडमागे पातळ प्लॅस्टिकचा एक फाटका कागद चिकटलेला होता. तो मला कचराच वाटला. तो आणि फार कुजलेले दोन पॅड मी भंगारात देऊन टाकले. शिलाईच्या रेषा कुठे होत्या, रेक्झिन मागे किती दुमडलं होतं, फोम किती जाड होता, ही सगळी माहिती त्यांच्याबरोबर गेली.

नागपूरच्या लकडगंजात जाऊन मी ६ मिलिमीटरचं प्लायवूड आणलं. जुना बोर्ड ३ मिलिमीटरचा होता, पण जाड म्हणजे टिकाऊ असा माझा समज होता. त्यावर फोमही जाड घेतला. पॅड बसवायला गेलो तेव्हा क्लिपा दाराच्या पत्र्यातल्या भोकांपर्यंत पोहोचेनात. काचेच्या मशीनचा दांडा पॅडच्या बाहेर जेमतेम डोकावत होता. हँडल कसंबसं बसलं, पण फिरवताना रेक्झिनला घासू लागलं. दाराच्या पॅडची जाडी त्या दांड्याने आणि क्लिपांनी आधीच ठरवून दिलेली असते. ती आपल्या मनाने वाढवता येत नाही.

मग हार्डबोर्ड आणला. त्याची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर जाळीचा ठसा असतो. डाव्या दाराचा आकार कापला आणि तोच बोर्डावर ठेवून उजव्या दारासाठीही आखला, पण उलटा करायचं राहिलं. कापून झाल्यावर लक्षात आलं की उजव्या दाराला तो लावायचा तर जाळीची बाजू पुढे येणार. फोम आहे, दिसणार नाही, असं म्हणून मी तसाच वापरला. कडेला, जिथे फोम संपून रेक्झिन बोर्डावर येतं, तिथे ती जाळी रेक्झिनवर उमटली. शिवाय मागून मारलेल्या पिना ६ मिलिमीटरच्या होत्या. ३ मिलिमीटरच्या बोर्डातून त्या आरपार गेल्या आणि त्यांची टोकं पुढच्या बाजूने हाताला लागू लागली.

मापाची चूकही महागात पडली. उरलेला जुना पॅड नव्या बोर्डावर ठेवून मी पेन्सिल फिरवली होती. तो पॅड वर्षानुवर्षं ओल खाऊन फुगलेला आणि वाकलेला होता, त्याची भोकंही ताणली गेली होती. त्याचे सगळे दोष मी इमानेइतबारे नव्या बोर्डावर उतरवले. एका बाजूच्या क्लिपा बसल्या की दुसरीकडच्या भोकांपासून सरकलेल्या असायच्या. शेवटी वस्तीतल्या एका जुन्या कुशनवाल्यांना दाखवलं. त्यांनी पॅड हातात घेतला, दाराला लावून बघितला आणि विचारलं, "भाऊ, पॅड दरवाज्याले बसवाचा हाय का जुन्या पॅडले?" त्यांच्या त्या प्रश्नानंतर मी जुन्या पॅडवरून माप घेणं सोडलं.

चिकटवण्याच्या कामात नागपूरच्या हवेने मला धडा दिला. आधी सुताराचा पांढरा गोंद वापरला. त्यातलं पाणी उडून जायला वाट लागते आणि रेक्झिन ती देत नाही, त्यामुळे आतून तो ओलाच राहिला. मग रबराचं सोल्यूशन आणलं. ते दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं असतं. दिवस मे अखेरच्या नवतपाचे होते, बाहेर बसवत नव्हतं, म्हणून मी हे काम कूलर चालू असलेल्या खोलीत केलं. सोल्यूशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं. ते डोळ्यांना धड दिसत नाही, पण पकड घालवतं. गाडी दोन-चार दुपारी उन्हात बंद उभी राहिली आणि रेक्झिन वळणांवर सुटलं. आता हे काम मी मार्चआधी, कोरड्या हवेत, सकाळी करतो.

याच हवेने बोर्डालाही फसवलं. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडी तंतू. कोरड्या मे महिन्यात मी तो अगदी काटेकोर, फट न ठेवता कापला. श्रावणातल्या दमट हवेत तो वाढला, जागा नसल्यामुळे मध्यभागी पोट काढून बाहेर आला आणि क्लिपा सुटल्या.

तरीही खरं नुकसान झालं ते भंगारात गेलेल्या त्या प्लॅस्टिकच्या कागदामुळे. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच. बाहेरच्या रबरी पट्टीने ते कमी होतं, पूर्ण थांबत नाही. गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. आत उडालेलं पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून पत्र्यावर प्लॅस्टिक चिकटवतात आणि त्याची खालची कड दाराच्या पोकळीत सोडतात. मी ते लावलंच नाही. भोकंही मातीने बुजलेली होती. पहिल्याच पावसाळ्यात पॅडचा तळ भिजून फुगला, आतून बुरशी आली आणि पायाखालची मॅट ओली राहू लागली. पॅड पुन्हा करता आला असता, पण दाराच्या तळाचा पत्रा गंजला तो गंजलाच. तिथे वेल्डिंग करून पट्टी लावावी लागली.

आता माझी पद्धत अशी आहे. उघड्या दारावर जाड कागद लावून आकार घ्यायचा आणि क्लिपांची भोकं मागून रंगाचा ठिपका देऊन उतरवायची. ३ मिलिमीटरचा बोर्ड आणून काही दिवस घरच्या हवेत ठेवायचा, मग चारही बाजूंनी २ मिलिमीटर लहान कापायचा. डाव्या-उजव्या तुकड्यांवर कापण्याआधी खूण करायची. भोकं पाडून झाल्यावर मागची बाजू, कडा आणि प्रत्येक भोकाची आतली कड ऑइलपेंटने दोनदा रंगवायची. रेक्झिन दुमडायला २५ मिलिमीटर सोडायचं आणि कोपऱ्यात इंग्रजी व्हीच्या आकाराचे काप द्यायचे. सगळ्याआधी दाराच्या तळाची भोकं तारेने साफ करायची आणि प्लॅस्टिक लावून खालची कड आत सोडायची. मग दार बंद करून काचेवर पाणी ओतायचं. ते खालच्या भोकांतून बाहेर आलं आणि प्लॅस्टिकची आपल्याकडची बाजू कोरडी राहिली, तरच पॅड हातात घ्यायचा.

या पद्धतीने केलेल्या पॅडची शिलाई कुशनवाल्यांच्या हातासारखी सरळ नाही. पण ते पावसाळ्यात टिकले. तुम्ही हे काम करणार असाल तर एक विनंती आहे. जुना पॅड आणि त्यामागचा फाटका कागद, कितीही कुजलेला असो, नवा पॅड एक पूर्ण पावसाळा काढेपर्यंत फेकू नका. आकारासाठी त्याचा भरवसा धरू नका, पण पाणी कुठून आलं आणि कुठवर चढलं हे त्याच्यावरचे डाग तुम्हाला सांगतील.