चिवड्याची बाजू

फराळाचे ताट नीट न्याहाळले, तर त्यातही लग्नघरासारखे मानपान दिसतात. अनारसे म्हणजे वरपक्षाची मंडळी. जाळी पडेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून उभे राहायचे. चकलीचा स्वभाव करवलीचा. भाजणीत जरा कमीजास्त झाले की ती कढईतच रुसून तुटते. लाडवाची सारी अब्रू पाकावर आणि करंजीची मुरडीवर. ह्या मानकऱ्यांच्या गर्दीत चिवडा मात्र, मांडवात पडेल ते काम उरकणाऱ्या दूरच्या मामासारखा, कडेला बसलेला असतो. ‘अनारसे जमले हो!’ असे शेजारीण कौतुकाने म्हणते. ‘चिवडा जमला’ असे कुणी म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. जो न जमण्याची भीतीच नाही, त्याचे कौतुक कोण करणार?

आज मला ह्या मामाची बाजू मांडायची आहे.

आमचे घर अंबरनाथचे. आईचे माहेर बदलापूर, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. दिवाळीआधीचे आठ दिवस आईच्या राज्यात पुरुषांना स्वयंपाकघराचा उंबरा बंद असे. अपवाद चिवड्याच्या दिवसाचा. त्या दिवशी वडिलांच्या पुढ्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि सुरी येई. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणारे ते गृहस्थ खोबऱ्याचे काप असे काही कापीत, की तपासनिसाने येऊन शिक्का मारावा. माझी नेमणूक गच्चीवर. पातळ पोहे चाळून जुन्या धुवट साडीवर पसरायचे आणि चिमण्या हाकीत बसायचे. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण एरवी शिव्या देतो. पण त्या उन्हात दुपारपर्यंत पोहे असे चुरचुरीत होत, की मुठीत घेतले तर आवाज यावा. धाकटी बहीण कढीपत्त्याचे एकेक पान पुसून कोरडे करी. आजी डाळ्यांची सालपटे पाखडी. एकट्या सुगरणीने करायचे पदार्थ पुष्कळ आहेत. चिवड्यात मात्र घरात जितकी माणसे असतील तितकी कामे निघत.

आईचे प्रमाण मला पाढ्यासारखे पाठ आहे. अर्धा किलो पातळ पोह्यांना एक वाटी शेंगदाणे, एक वाटी डाळे, अर्धी वाटी खोबऱ्याचे काप, पाऊण वाटी तेल, दहा-बारा हिरव्या मिरच्या, मूठभर कढीपत्ता. शिवाय मोहरी, हिंग, हळद, मीठ आणि पिठीसाखर. तेलात आधी दाणे, मग खोबरे, मग डाळे तळून काढायचे. उरल्या तेलात मोहरी, हिंग, मिरच्या आणि कढीपत्ता. मिरचीचा तुकडा वाळल्या पानासारखा वाजू लागेपर्यंत घाई करायची नाही. मग हळद घालून गॅस बंद करायचा आणि पोहे, मीठ, साखर घालून हलक्या हाताने खालीवर करायचे. बस्स.

माझे शास्त्राचे शिक्षण दहावीशी थांबले. तरी चिवड्याचे शास्त्र मला कळते, कारण ते एका शब्दाचे आहे: ओलावा. मिरचीत पाण्याचा अंश राहिला, तर डब्यात तो पोह्यांकडे सरकतो आणि सगळे मिळून मऊ पडतात. गरम चिवडा डब्यात भरला, तर झाकणाला वाफ धरून तिचे पाणी खाली टपकते. साखर दळून घालायची, कारण खडे असले की ते दाण्यांच्या फटींतून निसटून तळ गाठतात. मीठही तेल लागलेल्या पोह्यालाच चिकटते. एवढे सांभाळले की चिवडा पंधरा दिवस तुमचा.

पण हे इतके सोपे मुळात होते कशामुळे? ज्या धान्याचा भात करायला घटकाभर शिजवावे लागते, ते चिवड्यात नुसत्या फोडणीवर कसे भागते? उत्तर असे, की आपल्या हातात येण्याआधीच पोह्यांचे शिजणे झालेले असते. साळी भिजत घालतात, भट्टीवर भाजतात आणि गरम असतानाच चेपून त्यांचे पोहे काढतात. चुरमुरे तापल्या वाळूत फुललेले असतात. डाळे म्हणजे भाजून सोललेले हरभरे. आपण ज्याला बिनकष्टाचा पदार्थ म्हणतो, त्याचे कष्ट आणि त्याची आच कुणा भडभुंज्याने आधीच सोसलेली असते. त्याच्या भट्टीपुढे मे महिन्यात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. आमच्या अंबरनाथला एके काळी विम्कोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. घरोघरच्या चुलींना ह्या गावाने काडी पुरवली. म्हणून असेल, पण विस्तव कुणाचा आणि ऊब कुणाला, हा प्रश्न मला सुचतो खरा.

पोह्यांचे दिवाळीशी नातेही जुने आहे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी कारीट पायाखाली चिरडले, की पहिला मान नव्या पोह्यांचा. दुधाचे पोहे, गुळाचे पोहे, दह्याचे पोहे. आणि द्वारकेला जाताना सुदाम्याच्या बायकोने शेजारपाजारहून मागून आणले, तेही चार मुठी पोहेच. दरिद्री घरातून दुसरे काय निघणार? कृष्णाच्या दरबारात पोचल्यावर ते पुढे करायची त्या ब्राह्मणाला लाज वाटली, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

हे सगळे मनात असतानाच 2024 सालच्या दिवाळीआधी भाचीचा अमेरिकेहून फोन आला. त्या वर्षी नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरला होती, आणि तिकडे तोच दिवस हॅलोवीनचा. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोड मागत हिंडतात, असा तो सण. तिच्या मुलाच्या वर्गात त्यानिमित्त एक खाऊ व्हायचा होता. भट्टी नाही, चूल नाही. मोठ्या पातेल्यात न्याहारीच्या लाह्या, खारी बिस्किटे, भोपळ्याच्या बिया आणि चॉकलेटच्या गोळ्या एकत्र करायच्या आणि कागदी पेल्यांतून वाटायच्या.

“मामा, हा आपला चिवडाच की!” ती म्हणाली. “पण वर्गात विस्तव चालत नाही आणि शेंगदाणेही चालत नाहीत. काय करू?”

मी तिला आमच्या शाळकरी वयातला तोडगा सांगितला: चुरमुऱ्यांना चमचाभर कच्चे तेल चोळायचे, वर मेतकूट, मीठ, पिठीसाखर आणि किंचित तिखट. तिने त्यात तिथल्या लाह्या मिसळल्या. पातेले रिकामे झाले, असे तिने रात्री कळवले. इंग्लंडात तर अशा शेव-दाण्यांच्या मिश्रणाला दुकानदार ‘बॉम्बे मिक्स’ म्हणतात. म्हणजे चिवड्याला तिकडे आपल्या मुंबईचे नाव मिळाले आहे. घरी मान नसला तरी मामा परदेशी नाव काढून आहे.

भाचीच्या त्या पातेल्यावरून मला माझ्या वर्गाची कल्पना सुचली. मी शिकवतो उल्हासनगरला. आमच्या गाडीच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्टेशने ओळीने येतात. पण तीन गावांची तीन तऱ्हेची माणसे आहेत. उल्हासनगर हे मुळात लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या वस्तीची कोनशिला बसली. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतात. पापड लाटून, लोणची घालून, गाडीतून किरकोळ माल विकून त्या माणसांनी घरे उभी केली. माझ्या चौथीच्या वर्गात त्यांची पणतवंडे आहेत. शेजारच्या बाकांवर आगरी आहेत, घाटावरचे आहेत, जौनपूरचे आहेत, आणि अंबरनाथहून येणारी एक तमिळ मुलगी आहे. शाळेचे माध्यम इंग्रजी, माझा विषय मराठी आणि मधल्या सुट्टीची भाषा हिंदी.

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी फर्मान काढले: शेवटच्या दिवशी वर्गात चिवडा. प्रत्येकाने कोरडे काहीतरी आणायचे, पण मूठभर. स्वतःची मूठ, बाबांची नव्हे. मुठीचा नियम मी विचार करूनच घातला होता; एखाद्याच्या घरून काजूंचा किलोचा डबा आला असता, तर बाकीच्यांच्या चुरमुऱ्यांची मान खाली गेली असती.

मुले आली. चुरमुरे, भाजके पोहे, डाळे, शेव, मनुका, खारे दाणे, केळ्याचे वेफर्स. तमिळ मुलीने मुरुक्कूचे तुकडे आणले. मी मेतकूट, तेल आणि मीठ नेले होते. एकेकजण पुढे येऊन पातेल्यावर मूठ उघडत होता. सगळ्यांत मागे एक मुलगा बसून राहिला होता. त्याची इमारत पावसाळ्यात धोकादायक ठरली होती. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. तेव्हापासून इथे भेगा पडलेल्या भिंतीकडे कुणी सहज पाहत नाही. ह्याच्या घरच्यांनी एका दिवसात बिऱ्हाड हलवले होते. चार महिने सगळे मामाच्या एका खोलीत राहत होते. आदल्या वर्षी ह्याच मुलाने साऱ्या वर्गाला मिठाई वाटली होती.

“काय आणलेस?” मी विचारले.

त्याने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी काढली, पण बाकाखालीच धरून ठेवली. आत भाजलेले दोन पापड होते. आजीने सकाळी मामाच्या शेगडीवर भाजून दिले होते.

“चिवडे में पापड कौन डालता है?” एकजण म्हणाला, आणि वर्ग हसला.

मी काही बोलणार, तोच पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी दर प्रश्नाला हात वर करते. “सर, पापड चालेल, पण तो मऊ पडेल. तेल लावलेल्या चुरमुऱ्यांत आत्ता नको.”

“मग केव्हा?”

“शेवटी. वाटायच्या आधी. चुरून.”

बोलणे संपले होते. कुणाची दया नाही, उपदेश नाही. प्रश्न पापडाच्या कुरकुरीतपणाचा होता आणि तो सुटला. सगळे ढवळून झाल्यावर त्या मुलाला बोलावले. त्याने दोन्ही हातांनी पापड चुरले. सिंधी पापडात मिरी सढळ हाताने असते. तिचा वास वर्गभर पसरला. वह्यांच्या कागदांचे पुडे करून आम्ही चिवडा वाटला. मेतकुटाच्या मागून मिरी जिभेवर यायची. पुडा संपवून पहिल्यांदा परत आला, तो मघाशी हसलेलाच. तोवर त्या मुलाने सगळ्यांना ऐकवून टाकले होते, की त्यांच्याकडे पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड द्यायचाच असतो. पापडाशिवाय पाणी दिले तर आजी रागावते.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत एक पात्र ऐनवेळी घुसले, तर दोनशे पाने बिघडतात. अनारशाच्या पिठातही आगंतुकाला जागा नसते. चिवड्याला मात्र उशिरा आलेल्याला सामावून घेता येते, आणि तेही त्याचे रूप न मोडता: डाळे डाळेच राहते, मनुका मनुकाच. त्याला ओटा लागत नाही, भट्टी लागत नाही, हातात वर्षांची सवय लागत नाही. बराकीत, चाळीत, मामाच्या खोलीत, परमुलखातल्या शाळेत, कुठेही सण गाठला तर चार माणसांपुढे काहीतरी ठेवता येते. सणाच्या दिवशी ‘आमच्याकडे काही नाही’ असे म्हणावे लागणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या सोपेपणाची किंमत कळेल.

त्या संध्याकाळी मी आईला हे सारे सांगितले. तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे, आणि तिच्या प्रमाणात आजवर कुणी तिळाचाही फेरफार केलेला नाही. काजू घालू का, असे सुनेने एकदा विचारले होते. त्यावर आई जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यामुळे पापडाचे ऐकून ती काय म्हणते, ह्याची मला धास्ती होती. ती बराच वेळ डब्यातले पोहे चाचपत बसली.

“मिरी चालेल,” ती शेवटी म्हणाली. “पण डब्यात नको. वाढताना.”

आणि थोड्या वेळाने: “लिहून ठेव. अर्ध्या किलोला दोन पापड.”