हजाराचं घर

मध्यमवर्गीय माणसाच्या घरातली दोन खाती कधीच टॅली होत नाहीत. एक महिन्याच्या खर्चाचं आणि दुसरं माळ्यावरच्या सामानाचं. माळ्यावर वस्तू जमा होते ती ‘लागेल कधीतरी’ एवढ्या एकाच व्हाउचरवर. तिथून नावे पडत मात्र कधीच नाही. आमच्या बँकेत दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं फिरकलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवावी लागते. माळ्यावरचं सामान घ्यायला रिझर्व्ह बँक काही अजून तयार झालेली नाही. त्यामुळे आमच्या माळ्यावर बिनझाकणाचा प्रेशर कुकर आहे, बिनकुकरची दोन झाकणं आहेत, आणि ती एकमेकांना बसत नाहीत.

गेल्या गणपतीत मखर काढायला मी वर चढलो तेव्हा मखराच्या आधी हाताला एक गोणपाटात गुंडाळलेली फळी लागली. ओढली. फळीतून एक छर्रा निसटला आणि टप टप टप करत खाली बायकोच्या मोदकांच्या उकडीत जाऊन बसला.

“अहो, वरून काय पाडताय?”

“बॅगाटेल!” मी वरूनच ओरडलो.

ज्या वाचकांचं लहानपण मोबाइल हातात घेऊन गेलं त्यांच्यासाठी सांगतो. बॅगाटेल म्हणजे वरच्या बाजूला कमानीसारखी गोल केलेली फळी. फळीवर बारीक खिळ्यांची कुंपणं करून घरं केलेली असतात आणि त्या घरांत ५०, १००, ५०० असे आकडे रंगवलेले असतात. उजव्या बाजूला एक बोळ. बोळात छर्रा ठेवायचा, तळाशी असलेला स्प्रिंगचा दट्ट्या मागे ओढायचा आणि सोडायचा. छर्रा कमानीवरून वळसा घालून खिळ्यांवर टणाटण आपटत खाली येतो आणि बहुतेक वेळा कुठल्याही घरात न शिरता तळाला जाऊन पडतो. दहा छर्रे झाले की बेरीज करायची. मे महिन्याच्या दुपारी घराघरांतून हा आवाज यायचा. आमचं बॅगाटेल आमच्या अण्णांनी १९८३ साली तुळशीबागेतून आणलेलं. मधोमध त्याचं हजाराचं घर होतं. सगळीकडून बंद, वर जेमतेम छर्रा शिरेल एवढी फट, आणि त्या फटीच्या तोंडावर पहारेकऱ्यासारखा एक खिळा.

मी ते खाली आणलं तेव्हा आई खुर्चीत बसली होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. फिजिओथेरपीच्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. तो दिवसातून शंभर वेळा दाबायचा. आईने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिला. “मी काय दिवसभर लिंबं पिळत बसू?” म्हणाली. मॅडमनी समजावलं, बायकोने समजावलं, मी तर कर्ज थकवणाऱ्याला समजावतात तसं हात जोडून समजावलं. चेंडू खिडकीतच.

गोणपाट सोडल्यावर आई म्हणाली, “आपलं बॅगाटेल ना रे ते?” आणि दट्ट्याकडे हात पुढे केला. उजवा. कोणी न सांगता. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे बघितलं. दट्ट्या गंजून घट्ट बसला होता, तो हलला नाही. आईने हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

एवढ्यावर मी ते दुरुस्त करायला घेतलं.

प्रथम मोजदाद. बँकेतल्या माणसाला मोजल्याशिवाय सुचत नाही. खिळ्यांची भोकं १४३, हजर खिळे १२६, गैरहजर १७. दहापैकी छर्रे चार, त्यातला एक उकडीतला. स्प्रिंग होती, पण तिच्यात जीव नव्हता. कमानीची पत्र्याची पट्टी एका बाजूने सुटलेली, मागचा लाकडी टेकू बेपत्ता, आणि आकड्यांपैकी ५०० मधलं एक शून्य कसरीने खाल्लेलं. एवढी मोठी घट मी आमच्या शाखेत कधी पाहिली नाही.

सुताराकडे या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतोय, पण चुका विकत आणायची वेळ पहिल्यांदाच आली. रविवारी बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने विचारलं, “किती देऊ?” म्हटलं, “सतरा.” त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने पाव किलो घेतल्या. अजून दोन-तीन पिढ्या आमच्या घरात चुकांची ददात नाही.

स्प्रिंगला चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानातल्या पोराला म्हटलं, “बॅगाटेलची स्प्रिंग पाहिजे.” तो म्हणाला, “कुठल्या कंपनीची गाडी?” मी समजावू लागलो तसा मागच्या बाजूने, बहुधा त्याच्या आजोबांचा, आवाज आला, “अरे, ते खिळ्यांचं! छर्रेवालं!” म्हातारेबुवा स्वतः उठून पुढे आले, एक पत्र्याचा डबा उपडा केला आणि वीस मिनिटं एकेक स्प्रिंग बोटांनी दाबून बघत बसले. “फार कडक नको,” ते म्हणाले, “छर्रा फळीबाहेर उडतो. आमच्या बहिणीच्या कपाळाला लागला होता.” पाच रुपये घेतले. छर्रे मात्र बेअरिंगच्या दुकानात मिळाले. सायकलचे फार बारीक असतात, बॅगाटेलला सुमारे अर्ध्या इंचाचा लागतो.

मग आमचं जेवणाचं टेबल पंधरा दिवस वर्कशॉप झालं. आम्ही खाली सतरंजीवर जेवायचो आणि बॅगाटेल वर टेबलावर. गंजलेले खिळे लिंबू आणि मीठ लावून घासले, फळीला आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर मारला. घासताना एक सूक्ष्म भुकटी उडते. ती घरात सर्वत्र बसते, पण बायकोला ती फक्त टीव्हीवर दिसते. छर्रे धुवायला मी चहाची गाळणी घेतली होती. त्या प्रकरणाची फाईल अजून बंद झालेली नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आमचे चिरंजीव आठवीत आहेत. एरवी त्यांना हाक ऐकू येत नाही. पण फळीवरून पहिला छर्रा खणखणत गेला तसे ते खोलीतून बाहेर आले. “बाबा, हे तर पिनबॉल!” म्हणाले आणि मोबाइलवरून माझं शिक्षण सुरू झालं. पिनबॉल मला अगदीच अनोळखी नव्हता. मी नोकरीला लागलो त्या सुमाराच्या विंडोज एक्सपीत तो फुकट यायचा. पण हा आमच्या बॅगाटेलचा नातू, हे मला माहीत नव्हतं. फ्रेंच भाषेत बॅगाटेल म्हणजे क्षुल्लक गोष्ट. सुरुवातीला छर्रा काठीने ढकलायचे. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटी इथे माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थाने दट्ट्याच्या स्प्रिंगसकट सुधारलेल्या बॅगाटेलचं पेटंट घेतलं. म्हणजे बोहरी आळीतल्या पाच रुपयांमागे एवढा मोठा इतिहास होता. १९३१ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘बॅफल बॉल’ काढला. नाणं टाका, खेळा. मंदीत लोकांच्या खिशात तेवढंच नाणं उरलं होतं. ते त्यात टाकू लागले. लोक यंत्रच हलवून छर्रा घरात घालायला लागले तेव्हा हलवल्यावर डाव बंद पाडणारी ‘टिल्ट’ची युक्ती निघाली. आमच्याकडे ती आधीपासून होती. फळी उचलली की आजीचा धपाटा बसायचा. आणि छर्रा परत वर उडवणारे ते हात, म्हणजे फ्लिपर, आले थेट १९४७ साली. तोपर्यंत सुटलेल्या छऱ्र्यावर कोणाचाच ताबा नव्हता.

म्हणूनच तर भानगड झाली. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली. म्हणे हा खेळ नव्हे, जुगार. यात कौशल्य काही नाही, सगळं नशीब. हातात हातोडा घेऊन यंत्रं फोडतानाचे त्यांचे फोटो आहेत. बंदी चौतीस वर्षं टिकली. १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुणाला नगर परिषदेच्या समितीपुढे खेळून दाखवायला बोलावलं. दोन यंत्रं आणली होती. समितीतल्या एका सभासदाला पहिल्या यंत्राचाच संशय आला, त्यात आधीच काही करून ठेवलं असेल म्हणून. म्हणाला, दुसऱ्यावर खेळा. शार्पने दट्ट्या ओढायच्या आधी सांगितलं की छर्रा वरच्या मधल्या वाटेने जाईल. सोडला, आणि तो तिथूनच गेला! बंदी उठली. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की त्या वेळी नशिबानेही हात दिला होता.

“म्हणजे कौशल्य की नशीब?” चिरंजीवांनी विचारलं.

“कौशल्य,” मी ठामपणे म्हणालो. कारण मी अण्णांना खेळताना पाहिलं होतं.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून. स्वभावाने गरीब, आवाजाने त्याहून गरीब. पण रविवारी संध्याकाळी बॅगाटेलसमोर मांडी घालून बसले की चाळीतली पोरं भोवती उभी राहायची. शर्टाच्या बाह्या दुमडायचे, दट्ट्या बरोबर दोन बोटं मागे ओढायचे, श्वास अर्धा सोडायचे आणि मग दट्ट्या. छर्रा कमानीवरून येऊन, दोन खिळ्यांना नमस्कार करून हजाराच्या घरात. दहातले तीन तरी! हे तंत्र त्यांनी मला रीतसर शिकवलं. “घाई करायची नाही,” म्हणायचे, “दोन बोटं आणि अर्धा श्वास.” बँकेच्या मुलाखतीला जातानासुद्धा त्यांनी मला हेच सांगितलं होतं. २०११ साली ते गेले. त्यांचं म्हणून जे काही मला येतं, त्यात हे एक.

तर शेवटच्या रविवारी नवीन चुका ठोकून झाल्या. जुन्या वाकलेल्या लांब नाकाच्या पकडीने एकेक सरळ करत आलो. हजाराच्या घरावरचा पहारेकरी खिळा चांगलाच डावीकडे कलला होता. त्याला पकड लावली.

“त्याला हात लावू नकोस,” आई म्हणाली.

“अगं, वाकलाय तो.”

“वाकलाय नाही. वाकवलाय.”

मी पकड खाली ठेवली. आईने पदर सारखा केला आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. १९८६ सालची गोष्ट. अण्णा खात्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसून नापास झाले होते. मागून लागलेली माणसं साहेब होऊन पुढे गेली. अण्णा घरी येऊन कोणाशी बोलायचे नाहीत. बॅगाटेल घेऊन बसायचे. तिथेही छर्रा हजाराच्या तोंडाशी यायचा, त्या खिळ्याला आपटायचा आणि बाहेर. “रोज रात्री तेच,” आई म्हणाली. “मला बघवेना. एका दुपारी स्वयंपाकघरातली सांडशी आणली आणि दिला वाकवून. म्हटलं, साहेब काही मला करता येत नाही, हजार तरी करता येतील.”

त्या संध्याकाळी अण्णांना हजार मिळाले. दुसऱ्या दिवशी दोनदा मिळाले. पुढच्या वर्षी परीक्षा सुटली. ते कशाने सुटली हे मी सांगू शकत नाही, पण अण्णा जन्मभर सांगत राहिले की बॅगाटेलने मन एकाग्र होतं.

“मग ती दोन बोटं? अर्धा श्वास?” मी विचारलं.

“ते त्यांचं त्यांनी काढलं,” आई म्हणाली.

“त्यांना कधी कळलंच नाही?”

आई जरा थांबली. “दर दिवाळीला सगळे खिळे तेच पुसायचे. फडकं घेऊन, एकेक. आता कळलं नसेल असं मी कसं म्हणू? बोलले नाहीत कधी. मीही नाही विचारलं.”

चिरंजीवांनी मोबाइलवरून मान वर केली होती. न्यूयॉर्कच्या समितीला पहिल्या यंत्राचा संशय का आला असेल हे त्यांना बहुधा तेव्हा पटलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पोळीचं उलथनं तसंच.

खिळा आहे तसा ठेवला. १४२ सरळ, एक वाकडा. टेकूच्या जागी बँकेच्या जुन्या डायऱ्या लावल्या. चिरंजीवांनी मोबाइलने उतार मोजला. हल्लीच्या पिनबॉलला साडेसहा अंश ठेवतात म्हणे, आमचा अकरा भरला. दोन डायऱ्या काढल्यावर आठ झाला आणि आईने ‘पुरे’ म्हटलं.

पहिल्या दिवशी तिला दट्ट्या अर्धा इंचसुद्धा ओढता येईना. छर्रा बोळात वर जायचा आणि परत यायचा. डाव्या हाताने मदत करू का विचारलं तर माझ्याच हातावर चापट मारली, डाव्याने. आठ दिवसांनी छर्रा कमानीपर्यंत गेला. दिवाळीच्या आधी तो कमान ओलांडून खाली उतरला आणि ५० च्या घरात बसला, तेव्हा बायकोने शिरा केला. आता ती दुपारी एकटीच खेळते. बेरीज पाटीवर लिहून ठेवते, आणि ती मी रात्री तपासायची. अक्षर अजून वाकडं आहे, पण ते रोज लिहिलेलं असतं. मी आकड्यांकडे बघतो आणि सही करतो.

मागच्या मंगळवारी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. आईची पकड तपासली आणि चकित झाल्या. “आजी, चेंडू नियमित दाबताय ना?”

“तर!” आई म्हणाली. चेंडू खिडकीत होता. मग तिने त्यांनाच खेळायला बसवलं. मॅडमचे दहा छऱ्र्यांत साडेतीनशे झाले. आईने दट्ट्या दोन बोटं ओढला, श्वास अर्धा सोडला आणि सहाव्या छऱ्र्याला हजार घेतले.

“पोरी, तुझा हात अजून बसायचाय,” ती म्हणाली.

मॅडमनी फळीवर वाकून नीट पाहिलं. “काका, हे हजार नक्की जातात कसे?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी बँकेतला माणूस. खातेदाराची माहिती तिऱ्हाइताला द्यायची नाही, एवढा नियम मला पाठ आहे. म्हटलं, “मॅडम, चहा घेणार का?”