झालरींचा झगा आणि एक सुई



सुट्टीला आलेली माझी नात सध्या घुश्श्यातच असते. परवा दिवेलागणीआधी जेवणं आटोपली, तशी म्हणाली, "आज्जी, जपानी सिनेमा बघतेस?" बोलली हेच खूप, म्हणून बसले.

सिनेमा २००४ चा, 'कामिकाझे गर्ल्स'. दिग्दर्शक तेत्सुया नाकाशिमा. मोमोको नावाची मुलगी इबाराकी प्रांतातल्या शिमोत्सुमा या खेडवळ गावात राहते. भोवती भाताची शेतं, आणि ही लेस-झालरींचा झगा घालून, छत्री घेऊन चालते! गावातले लोक सगळं एकाच मोठ्या दुकानातून घेतात; हिला मात्र टोकियोतल्या एकाच दुकानाचे कपडे हवेत. त्यासाठी वडिलांना थापा मारून पैसे काढते. मी पडले बी.कॉम., इथेच चिडले. नात हसत होती.

मोमोकोला कुणीच नको असतं. आई घर सोडून गेलेली, वडील नकली ब्रँडचे कपडे विकणारे. तेच कपडे घ्यायला इचिगो येते. मुलींच्या मोटरसायकल टोळीतली, थुंकणारी, डोक्याने टक्कर मारणारी. दोघींचं काहीच जुळत नाही. पण इचिगोला आपल्या टोळीच्या कोटावर भरतकाम हवं असतं आणि मोमोकोच्या हातात ती कला असते. स्वतःपलीकडे न पाहणारी ही मुलगी मैत्रिणीसाठी सुई घेऊन बसते, तिथे माझे डोळे भरून आले.

कारण मला माझी लेक आठवली. दहावीत असताना तिने माझ्या जुन्या साडीचा, असाच झालरींचा झगा शिवायला घेतला होता. "आधी गणित बघ," म्हणून मी तो अर्धवट झगा माळ्यावर टाकला. त्यानंतर तिने सुई धरली नाही. मीही कधी विचारलं नाही.

आपण क्षमावणीला गावभर फोन करून क्षमा मागतो. लेकीची मागायची राहूनच गेली होती.

रात्री तिला फोन केला. म्हटलं, "अगं, त्या झग्याचं माझं चुकलं." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, गुलाबी साडी होती ती. अजून आहे का गं?"

उद्या नातीला घेऊन माळा काढणार आहे.